वर केलं की उजेड

मी खटका बोलतोय. दिव्याचा खटका. हल्ली मला बटण म्हणतात, पण ज्या घरात माझं आयुष्य गेलं तिथे सगळे मला खटकाच म्हणायचे, म्हणून मी तेच नाव लावतो. सध्या मुक्काम एका पत्र्याच्या डब्यात, गंजके स्क्रू आणि बिनकुलपाच्या चाव्यांच्या संगतीत. डबा दाराजवळच्या फळीवर आहे आणि त्याला झाकण नाही, एवढं माझं नशीब. त्यामुळे समोरची भिंत मला दिसते. तिथे माझ्या जागी आता दुसरा बसला आहे, पांढरा आणि चौकोनी. त्याचा मला राग नाही.

मला या घरात आणलं ते घरधन्याने. तो घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या माणसाला बहुधा असं वाटू लागतं की जगातली सगळी यंत्रं आपल्यालाच कळतात. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतचा पॅसेज भर दुपारीसुद्धा काळोखा असायचा, तिथे दिवा हवा होता. "एवढ्यासाठी वायरमन कशाला?" असं म्हणून तो स्वतःच स्टुलावर चढला. केसाएवढ्या बारीक स्प्रिंगा बसवणारा तो कसबी माणूस, पण मला त्याने उलटा बसवला.

इथे सगळ्या घरांत खटका खाली केला की दिवा लागतो. माझा वर केला की लागायचा.

"अहो, हा उलटा झालाय," बायको म्हणाली.

"उलटा नाही. सूर्य वर आला की उजाडतं ना? मग खटका वर केला की उजेड. बाकीच्यांचेच उलटे आहेत."

नवरा-बायकोत खटके उडतात म्हणे. या दोघांचा नव्या घरातला पहिला खटका माझ्यावरूनच उडाला. पण ती मध्येच हसली आणि विषय तिथेच संपला. मला सरळ करणं म्हणजे दोन स्क्रूंचं काम. पण घड्याळजी चूक कबूल करतोय कशाला? मी तसाच राहिलो.

हळूहळू घराला माझी सवय झाली. पाहुणे दारात चाचपडायचे आणि ती कणीक मळता मळता आतून ओरडायची, "वर करा, वर!" मुलगा आणि मुलगी याच घरात वाढली. मुलगी टाचा उंचावून मला वर ढकलायची. मैत्रिणीच्या घरी गेली की तिथलाही खटका वर ढकलत बसायची आणि म्हणायची, तुमचा बिघडलाय.

माणसांची एक गंमत सांगतो. इतक्या वर्षांत मला कुणी नीट पाहिलं नाही. माणसं बोलत बोलत येतात, तोंड भलतीकडेच असतं आणि हात मात्र बरोबर आमच्यावर पडतो. मला चेहऱ्यांपेक्षा हातच जास्त ठाऊक. त्याच्या बोटांना घड्याळाच्या तेलाचा वास यायचा, तिच्या बोटांना पिठाचा नाहीतर साबणाचा. तो गेला त्या संध्याकाळी ती बाहेरून आली, तिने मला वर केलं आणि हात काढलाच नाही. दिवा लागला होता, तरी बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मला फार वाईट वाटलं. पण खटक्याला कुणाचा हात धरता येत नाही.

मग मुलांची लग्नं झाली. मुलगा दुसऱ्या शहरात गेला, मुलगी गावातच पण लांब. आई एकटी राहू लागली आणि विसरू लागली. आधी गॅसवरचं दूध, मग दिवस, मग नावं. एके दिवशी तिने पोटच्या मुलीला विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?"

मुलगा म्हणाला, "मी तिला माझ्याकडे नेतो."

"दादा, या घरातून हलवलंस तर ती राहायची नाही रे," मुलगी म्हणाली.

बरीच वादावादी होऊन शेवटी एक गोष्ट ठरली. आमच्या दारावरची काच समोरच्या काकूंच्या खिडकीतून दिसते. तिन्हीसांजेला काचेत उजेड दिसला, की आई ठीक आहे असं काकूंनी समजायचं. आपण होऊन दिवा लावणं तिला जमेनासं झालं, की दादाने तिला घेऊन जायचं.

म्हणजे तिचं या घरात राहणं माझ्यावर येऊन ठेपलं. पण मला काळजी नव्हती. तिचं डोकं विसरलं असेल, हात विसरला नव्हता. उजेड मावळू लागला की ती उठायची, भिंतीला धरून यायची आणि मला वर करायची. पलीकडे काकू खिडकीचा पडदा ओढून घ्यायच्या.

पण घराबरोबर आम्हीही म्हातारे झालो होतो. स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये प्लग ढिला बसायचा आणि ठिणग्या उडायच्या. बाहेरच्या खोलीतला दिवा उगाच मिचमिचायचा. माझ्याही पोटात चर्रर्र व्हायचं, अंग तापायचं, कधी जळका वास यायचा. एका दुपारी मुलगी वायरमनला घेऊन आली.

माणूस चांगला होता. त्याने आधी मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि मगच सॉकेट उघडला. "ताई, हे बघा. मागून काळा पडलाय. तार ढिली झाली की असं तापतं. आणि वायरीवरच्या कापडाचा तर भुगा झालाय. नुसती वरची बटणं बदलून भागणार नाही." मुलीने सगळंच बदलायला सांगितलं आणि ती आतल्या खोलीतला पसारा हलवायला गेली. तेव्हा तो माझ्याकडे वळला. आई जवळच खुर्चीवर बसली होती.

"हे कुणी उलटं बसवलंय?" तो हसला.

"ह्यांनी," आई म्हणाली.

"असू द्या आजी, मी सरळ करून देतो."

आईने मान हलवली. घरी आलेल्या माणसाला नाही म्हणायची तिला सवयच नव्हती.

मला काढलं ते बरोबरच केलं. एखाद्या दिवशी माझ्यापायी घर पेटलं असतं. पण सरळ नको रे बाबा, एवढं मला त्याला सांगायचं होतं. भिंतीत असताना मला कुणी ऐकलं नाही, डब्यात कोण ऐकणार? त्याने सगळे दिवे लावून पाहिले, सगळं ठीक होतं. मुलगी निश्चिंत मनाने उजेड असतानाच घरी गेली.

संध्याकाळी आई उठली. भिंत धरत आली, हात अचूक जागेवर पडला. तिने खटका वर केला. तो वरच होता, आणखी कुठे जाणार? तिने पुन्हा वर ढकलला. पुन्हा. खाली करून बघावं हे तिच्या हाताला सुचेना, आणि डोक्याचं तर तुम्हाला सांगितलंच. काचेत उजेड दिसेना म्हणून काकू धावत आल्या. आई अंधारात भिंतीला हात लावून उभी होती.

"मला माझ्या घरी सोडता का?" तिने विचारलं.

काकूंनी खटका खाली केला. लख्ख उजेड पडला. "लागतोय की दिवा, वहिनी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळनंतर काकूंनी मुलीला बोलावून सांगितलं, तेव्हा तिने दादाला फोन केला. "ती दिवा लावायला विसरली रे," एवढंच ती बोलली.

नेलं त्या दिवशी भर दुपारी दारातून निघताना आईने सवयीने दिवा बंद करायला खटका खाली केला. दिवा लागला. "बघितलंस?" मुलगा हळूच बहिणीला म्हणाला. तिने बघितलं नाही, ती रडत होती. दिवा काकूंनी बंद केला.

काही महिन्यांनी मुलगी आईचे गरम कपडे न्यायला आली. संध्याकाळ झाली होती, हातात पिशव्या होत्या. तिचा हात भिंतीकडे गेला आणि तिने खटका वर केला. अंधार. पुन्हा वर केला. मग ती एकदम थांबली. पिशव्या खाली ठेवून तिने खटका खाली केला आणि दिवा लागताच तिथेच फरशीवर बसली. इतकं रडताना मी तिला लहानपणीही पाहिलं नव्हतं.

तिने भावाला फोन लावून सगळं सांगितलं. मग बराच वेळ ती नुसतीच ऐकत होती. "तूही याच घरात वाढलास, मीही," ती शेवटी म्हणाली. "आता कुणी कुणाला बोलायचं, दादा?"

वायरमन पुन्हा आला. "उलटं बसवून द्या," ती म्हणाली. त्याने पांढरा खटका फिरवून बसवला. जाताना तो दारात घुटमळला. "आजी मला म्हणाल्या होत्या, ह्यांनी बसवलंय म्हणून. मी नुसता हसलो."

पुढच्याच आठवड्यात मुलगा आईला घेऊन आला. ती फार वाळली होती. अंधारल्या पॅसेजमध्ये सगळे तिच्या मागे उभे राहिले. मी माझ्या डब्यातून बघत होतो. तिचा हात उठला नाही. मुलीने तो आपल्या हातात घेतला, भिंतीपाशी नेला आणि दोघींनी मिळून खटका वर केला. दिवा लागला.

आईने सगळीकडे नजर फिरवली. "छान आहे हो घर तुमचं," ती म्हणाली. "कोण राहतं इथे?"

"माझी आई राहते," मुलगी म्हणाली.

"मग दिवा असू दे. अंधारात चाचपडेल बिचारी."

माझी आता काही मागणी नाही. मी जळलेला खटका, डब्यातच बरा आहे. एकच सांगतो. घरातलं म्हातारं माणूस चुकायला लागलं, की त्याला घेऊन जाण्याआधी आपण काय बदललं ते एकदा बघा. आईला घेऊन ती मंडळी परत गेली, दाराला कुलूप लागलं. दिवा कुणी बंद केला नाही.