व्हिडिओतलं उजवं हाड

मित्रांनो, मी एक जुनं हाड आहे. मांडीचं, आणि तेही उजव्या मांडीचं. उजव्या हे ठासून सांगतोय, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

मी ज्यांच्या अंगात वाढलो ते मोतीराम खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. "जाळून काय फायदा? माह्या हाडावर पोट्टे शिकतीन," असं म्हणत त्यांनी देहदान केलं. जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मला स्वच्छ करून, वाळवून पेटीत ठेवलं. पहिल्या वर्षाची मुलं मला हातात फिरवत. गोल डोकं वर आणि आतल्या बाजूला, खडबडीत कडा मागे धरली की डावं-उजवं कळतं. कुणी मला होस्टेलवर नेऊन उशाशी घेऊन झोपे. शरीररचना शिकवणाऱ्या शैलजा मॅडम म्हणायच्या, "या हाडाने माझी निम्मी मुलं पास केली." मी फुशारून जायचो.

मग विभागप्रमुख रमाकांत सरांना ऑनलाइन धड्यांचं वेड लागलं. मॅडमनी मोबाइल स्टँडला लावला, आपण नीट दिसतोय ना ते बघता यावं म्हणून सेल्फी कॅमेरा सुरू केला आणि मला उचलून म्हणाल्या, "हे उजवं." फोनने चित्र आरशातल्यासारखं उलटं उतरवलं. पडद्यावर मी डावा झालो. पडद्यावरची नावं नंतर चिकटवली, ती सुलटच दिसत होती, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. उद्घाटन झालं, हारतुरे झाले. आता हाडं कशाला हाताळायची, म्हणून आमच्या पेटीला कुलूप लागलं.

संग्रामपूरची समीक्षा त्याच वर्षी आली. तिला मला शिवायलाही मिळालं नाही. बिचारीने तो धडा बघून बघून घोटला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी मला तिच्या हातात दिलं.

"डावं," ती बेधडक म्हणाली.

परीक्षक हसले. बाजूच चुकली की पुढचं सगळंच चुकतं.

"सर, मॅडमच्या व्हिडिओत उजवं याच्या उलटं दिसते."

शेजारी बसलेल्या शैलजा मॅडमनी मला उचललं, उलटसुलट केलं. व्हिडिओ उलटा उतरलाय हे त्यांना कळलं. मी मनात म्हणत होतो, बोला, आता तरी बोला.

"नीट पाहिलं नसेल हिने," मॅडम म्हणाल्या.

समीक्षा नापास झाली. मॅडम पेटी बंद करत होत्या तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, मी चुकली का हो?"

"पुढच्या खेपेला लक्ष दे."

"हाव मॅडम. तुमचा व्हिडिओ अजून ध्यान देऊन पाहीन."

मॅडमनी मान डोलावली आणि कुलूप लावलं. धडा अजून तसाच आहे. तो बदलायचा म्हणजे रमाकांत सरांना चूक सांगावी लागेल ना.

मित्रांनो, आमची निगा राखा, असं शेवटी सांगायची रीत आहे. मी नाही सांगत. मला धूळ खाऊ द्या, माझं काही बिघडत नाही. पण ती पोर या क्षणी तोच धडा मन लावून बघत असेल. कुणीतरी जाऊन तिला थांबवा.