पितळी तारेची गाठ

घड्याळजींना गाडीतलं काहीच कळत नव्हतं असं नाही. थोडं कळत होतं, आणि तेवढ्यानंच घात केला.

रविवारची सकाळ. सुनेची गाडी घरासमोरच्या फरशीवर उभी होती. पुढचं डावं चाक काढलेलं, खाली जॅक, जॅकच्या जोडीला दोन लाकडी ठोकळे. गेले आठ दिवस गाडी वळवताना खालून टक्क असा आवाज यायचा आणि स्टेअरिंग हातात लुळं वाटायचं. चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक सांधा असतो, तो झिजला होता. हे निदान घड्याळजींनी गाडीखाली डोकं घालून स्वतः केलं होतं, आणि ते बरोबरही होतं. खरं म्हणजे गाडी सरळ मामाकडे न्यायची. मामा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या सोडून त्याचं गॅरेज. पण महिन्यापूर्वी सगळे जेवायला बसलेले असताना मामा म्हणाला होता, "दाजी, तुमचं बरं आहे. बसल्या बसल्या फुंकर मारायची आणि पैसे घ्यायचे. आमच्यात घाम गाळावा लागतो." सगळे हसले. घड्याळजीही हसले, पण ते हसू गिळता आलं नाही आणि थुंकताही आलं नाही.

"बाबा, एकदा मामांना विचारायचं का?" सून दारातून म्हणाली.

"मामाला कशाला? चाळीस वर्षं मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू बसवलेत मी. हा तर हत्ती आहे. चष्मा न लावताही दिसतो."

सून हसली. सासऱ्यांच्या हातावर तिचा फार विश्वास होता. ती नर्स. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची मलमपट्टी करायची फेरी तिला नुकतीच मिळाली होती. फेरी मिळते ती स्वतःची गाडी असणारीला. त्यासाठी तिनं आठ महिने खटपट करून गाडी शिकून घेतली. नवरा शेजारी बसून "ब्रेक, ब्रेक" करायचा ते सगळं सोसून.

घड्याळजींनी पांढरं फडकं अंथरलं. निघालेली प्रत्येक वस्तू ज्या क्रमानं निघाली त्याच क्रमानं मांडली. जुना सांधा दांड्यावरून सोडवताना त्यांनी फेरे मोजले: साडेएकोणीस. नवा साडेएकोणीस फेऱ्यांवरच आणून थांबवला, म्हणजे चाक होतं तितकंच सरळ राहावं. मामाच्या गॅरेजातलं कुणी इतकं मोजत बसलं नसतं. इथवर सगळं चोख झालं.

राहिला शेवटचा नट. हा नट वरून कंगोऱ्यांचा असतो. तो इतका आवळायचा की त्याची खाच आणि आतल्या बोल्टचं भोक समोरासमोर यावं. मग त्यातून पिन घालायची आणि तिचे पाय फाकवायचे, म्हणजे नट कधी सुटत नाही. घड्याळजींनी नट आवळला, हाताला 'बसला' असं वाटेपर्यंत. त्यांच्या हाताला चाळीस वर्षं एकच वळण होतं. बसला की थांबायचं. पुढे जोर लावला की आटे मोडतात आणि गिऱ्हाइकाचं घड्याळ आपल्या बोकांडी बसतं. खाच आणि भोक यांच्यात भुवईच्या केसाएवढं अंतर राहिलं. पिन आत जाईना. मेकॅनिक असता तर पान्यावर सगळं अंग टाकून त्यानं नट पुढे सरकवला असता. घड्याळजींनी पाना हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. हात धजावला नाही.

मग ते आत गेले, खणातून पितळी तार आणली. चिमट्यानं ती भोकातून ओवली, नटाला दोन वेढे दिले आणि चपटी, बारीक गाठ मारली. गाठ इतकी देखणी झाली की सुनेला हाक मारून दाखवावी असं त्यांना वाटलं. पिन खणात टाकून दिली.

संध्याकाळी त्यांनी गल्लीत एक चक्कर मारली. आवाज बंद, स्टेअरिंग घट्ट. पाळीवरून आलेला मुलगा म्हणाला, "बाबा, मामाचं दुकान बंद करणार तुम्ही." घड्याळजींनी नम्रपणे मान हलवली, पण त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सोमवारी सकाळी सून आपल्या आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाली. औषधांच्या दुकानापाशी वळताना गाडीनं तिचं ऐकलंच नाही. एक चाक एकीकडे, दुसरं दुसरीकडे. गाडी पदपथावर चढली आणि दिव्याच्या खांबाला जाऊन टेकली. वेग नव्हता म्हणून निभावलं. सुनेला खरचटलंसुद्धा नाही. मागे बसलेल्या विहीणबाईंचं मनगट मात्र मोडलं.

दवाखान्याच्या बाकावर सून हात मांडीत घेऊन बसली होती. मुलगा समोर उभा होता, आणि चार लोक ऐकतील अशा आवाजात बोलत होता. "किती वेळा सांगितलं, वळण जवळून घेऊ नकोस. चाक कडेला घासलं असणार. घासलं ना?"

"असेल," सून म्हणाली. "मला तसं जाणवलं नाही, पण असेल."

बोलायचं होतं ते त्याच क्षणी. घड्याळजींनी तोंड उघडलंही. आणि त्यांच्या तोंडून निघालं, "जाऊ दे रे. जीव वाचले, हे काय कमी आहे?"

हे वाक्य ऐकून सुनेनं त्यांच्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं. धरणीनं पोटात घ्यावं, असं त्यांना झालं.

दुपारी गाडी ओढून मामाकडे नेली. मामा दिवा घेऊन गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा भाच्याला एवढंच म्हणाला, "सांधा निसटलाय. आपटल्यावर की आपटायच्या आधी, ते आत्ता सांगता येत नाही." भाचा फोन घ्यायला बाहेर गेला, तसा मामा जवळ आला. त्यानं घड्याळजींचा तळहात उघडला, त्यात काहीतरी ठेवलं आणि बोटं मिटवली.

"दाजी, हे तुमचं."

तुटलेली पितळी तार होती. गाठ जशीच्या तशी शाबूत. तार तिच्या शेजारी तुटली होती.

घड्याळजी टोमण्याची वाट पाहत राहिले. टोमणा आला असता तर बरं झालं असतं. रागावता तरी आलं असतं. मामा फडक्यानं हात पुसत होता. "मी कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "सांगायचं ते तुमचं तुम्ही. फक्त लवकर. पोरगी स्वतःला खात बसेल."

मंगळवारी संध्याकाळी सगळे विहीणबाईंना भेटायला गेले. त्यांनी प्लास्टरचा हात उशीवर ठेवला होता आणि डाव्या हातानं चहा पीत होत्या. घड्याळजींकडे वळून त्या म्हणाल्या, "भाऊ, एक विनंती आहे. तुमच्या मुलाला सांगा, तिला फार बोलू नको म्हणावं. नवी आहे, चुकली. हात बसायला वेळ लागतो."

"सांगतो," घड्याळजी म्हणाले आणि बशीतला चहा संपवला. त्या चहाची चव त्यांना पुढे कित्येक दिवस आठवत राहिली.

घरी आल्यावर सुनेनं गाडीची दुसरी किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे. मी नाही चालवणार." मुलगा म्हणाला, "बरं झालं, उगाच जिवाला घोर." त्याला तिचं वाईट करायचं नव्हतं. त्याला फक्त हायसं वाटलं होतं, आणि ते तिला दिसलं.

बुधवारी मुख्य नर्सबाईंचा फोन आला. गाडी नसेल तर फेरी दुसरीला द्यावी लागेल. मग सुनेला कचेरीत बसून नोंदी करायच्या. शुक्रवारी सकाळपर्यंत काय ते कळवायचं. फोन ठेवून सून स्वयंपाकघरात आली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली. घड्याळजी चहाचा कप घेऊन तिच्यामागे जाऊन उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "गाडी जुनीच आहे. जुन्या गाडीचं काही सांगता येत नाही. तुझ्या एकटीच्या माथी मारून घेऊ नकोस."

"बाबा, तुम्ही नका मला पाठीशी घालू." ती वळली नाही. "गाडीला काही झालं नव्हतं. आदल्याच दिवशी तुम्ही इतकं जपून बसवलंत, फेरे मोजून. मी तुमच्या कामाचीसुद्धा माती केली."

कप तिच्याजवळ ठेवून ते बाहेर आले. अर्धं खरं बोलायला गेले आणि पूर्ण खोट्यात पाय रुतवून परतले.

त्यांच्या बायकोचा एक नेम होता. पहाटे उठल्यापासून प्रार्थना पुरी होईपर्यंत ती कुणाशी बोलत नसे. घरात कुणी पडो, झडो, ती हातानं खुणा करी, पण तोंडातून अक्षर काढत नसे. तीस वर्षांत तो नेम मोडला नव्हता. गुरुवारी पहाटे ती डोळे मिटून बसलेली असताना घड्याळजी तिच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. पिन, तार, गाठ, दवाखाना, मामाची मूठ. तिला बोलता येणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच ही वेळ निवडली होती; आणि हे आपल्याला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं. तिचे ओठ हलत राहिले. मध्ये एकदाच थांबले, आणि पुन्हा हलू लागले.

प्रार्थना झाली. तिनं पदर सारखा केला आणि हळू आवाजात म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी गाडी चालवत नाही."

"मला वाटलं, तू तिला जरा..."

"मी नाही. अहो, तुम्ही माझ्या मौनाच्या आड लपायला आलात. ती देवाची जागा आहे, अडगळीची खोली नव्हे." ती उठली. "आज तुमच्या ताटात मी वाढेन, पण तुमच्याबरोबर बसून जेवणार नाही. तिला सांगाल तेव्हा जेवेन."

त्या दिवशी ती एकटी उंबऱ्याशी बसून जेवली. सून म्हणाली, "आई, इकडे का?" तर म्हणाली, "इथे वारा येतो."

शुक्रवारी सकाळी सून फोनशी बसली. मुलगा कामावर जायला निघाला होता, बूट घालत होता. तिनं आकडे लावायला सुरुवात केली आणि घड्याळजींनी फोनवर हात ठेवला.

"चूक तुझी नव्हती," ते म्हणाले. "नट मी पुरता आवळला नव्हता. पिन जाईना, म्हणून तार बांधली. ती तुटली. गाडी वळली नाही ती त्यामुळे. सोमवारी दुपारीच मामानं मला दाखवलं. त्याच्या आधीच, दवाखान्यातच, माझ्या मनात आलं होतं."

मुलाच्या हातातली बुटाची नाडी तशीच राहिली. तो आधी बापाकडे बघत होता, मग बायकोकडे बघू लागला, आणि मग त्याला कुठे बघावं ते कळेना.

सून रडली नाही. तिनं बोटांवर मोजलं. "सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार." मग म्हणाली, "तार तुटली ते समजू शकते मी, बाबा. तुमचा हात हलका आहे. पण माझ्या आईच्या समोर बसून तुम्ही चहा प्यायलात."

"हो."

"ती माझ्यासाठी तुमच्याकडे विनवण्या करत होती."

"हो."

घड्याळजींना वाटलं होतं, सांगितलं की ओझं उतरेल. उतरलं काहीच नाही. आतापर्यंत ते एकट्याला दिसत होतं, आता सगळ्यांना दिसू लागलं, एवढंच.

सुनेनं राहिलेले आकडे लावले, पलीकडून आवाज येताच फोन त्यांच्या हातात दिला. "मुख्य नर्सबाई आहेत. मी सोमवारी त्यांना माझी चूक म्हणून सांगितलंय. तुम्ही सांगा आता."

"मी... मी तिचा सासरा बोलतोय," घड्याळजी म्हणाले. "त्या दिवशी गाडीचं जे झालं, ते..."

"मोठ्यानं बोला हो," पलीकडून बाई म्हणाल्या, "इथे मशीन चालू आहे, काही ऐकू येत नाही."

खिडकी उघडी होती. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालत होती. घड्याळजी आयुष्यात कधी मोठ्यानं बोलले नव्हते. घड्याळं उघडून बसणाऱ्याला जोरात श्वाससुद्धा घेता येत नाही. ते मोठ्यानं बोलले. "गाडी मी दुरुस्त केली होती. मी चुकीची केली. म्हणून अपघात झाला. तिची चूक नव्हती." समोरच्या बाईचा चिमटा तारेपाशीच थांबला.

"असं होय," फोनवरून नर्सबाई म्हणाल्या. "मग ती उद्या येतेय का, ते सांगा."

घड्याळजींनी सुनेकडे पाहिलं. तिनं फोन परत घेतला. "सातला निघते बाई. गाडी मंगळवारपासून मामांकडे तयार उभी आहे, आज आणते." फोन ठेवून तिनं नवऱ्यापुढे हात पसरला. त्यानं खिशातून किल्ली काढून दिली, आणि खाली मान घालून नाडी बांधू लागला. "मलाही तुला एक बोलायचंय," तो पुटपुटला. "संध्याकाळी," ती म्हणाली.

मग ती सासऱ्यांकडे वळली. "आईकडे कधी जाताय?"

"तू म्हणशील तेव्हा. आपण गाडी आणली की..."

"गाडी मी आणते. आईकडे तुम्ही एकटे जा, चालत. मी बरोबर असले तर ती तुम्हाला बोलूच देणार नाही, आधीच माफ करून टाकेल."

घड्याळजींनी चपला घातल्या. आतून बायको बाहेर आली, त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. "ऊन आहे," म्हणाली. "आल्यावर जेवू."

ते दारापुढच्या पायऱ्या उतरले. समोरची बाई अजून तशीच उभी होती, हातात ओलं कापड. रोज ते तिला मान हलवून नमस्कार करत. आज तिच्याकडे बघायला त्यांना बराच वेळ लागला. पण बघितलं, मान हलवली, आणि विहीणबाईंच्या घराच्या दिशेनं चालू लागले.