पपई घातली!

अरवाचं डोकं शनिवारी सकाळपासूनच तापलेलं होतं. कारण भावजयीचा फोन.

"अरवाबेन, तुम्ही किती दमणार आता?" इन्सिया लाडालाडात म्हणाली होती. "या रविवारी सगळं आमच्याकडे न्यालीला करू. तुम्ही मांस तेवढं मुरवून द्या, भाजायचं मोइझ बघेल. आणि यावेळी नीट जमलं ना, तर पुढं मसालासुद्धा मीच करत जाईन. तुम्ही आपलं पाहुण्यासारखं यायचं, जेवायचं, आरामात परत जायचं."

पाहुण्यासारखं! आईच्या मिश्काकीला, सळईवर भाजलेल्या मांसाच्या त्या रविवारच्या जेवणाला, अरवानं पाहुण्यासारखं जायचं! आईचे हात कापायला लागले तेव्हापासून मसाला कोण वाटत होतं? आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला तुकडा चावून बघायला देऊन मीठ-तिखट कोण विचारत होतं? तेव्हा ही इन्सिया कुठं होती? न्यालीच्या बंगल्यात पडदे निवडत होती. अरवानं फोन ठेवला आणि आलं असं ठेचलं, की खलबत्ता ओट्यावरून खाली यायचा राहिला.

आईची वरसी नुकतीच झाली होती. वर्षभर घरात कुणी शेगडी पेटवली नव्हती, त्यामुळे हा पहिला रविवार. या वेळी हातातून गेलं की गेलंच, हे अरवाला पुरतं कळत होतं. लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत, जुन्या मोंबासातल्या या दोन खोल्या आणि रविवारची मिश्काकी, एवढंच काय ते तिचं म्हणून उरलं होतं. तेही आता पुलापलीकडे न्यायचं म्हणे.

तिनं काही कसूर ठेवली नाही. मारिकितीच्या बाजारात जाऊन कमरेकडचं मांस आणलं, ज्याला साहेबलोक स्टेक म्हणतात ते. चौकोनी तुकडे केले. धणे-जिरं भाजून कुटलं, आलं-लसूण, लाल मिरची, लिंबू, सगळं चोळून रात्रभर ठेवलं. रविवारी दुपारी हातांना मनगटापर्यंत खोबरेल तेल लावलं आणि मग मांस मऊ पडावं म्हणून कच्ची पपई हातात घेतली. तेलाशिवाय कच्ची पपई चिरणारा माणूस एकतर नवशिका, नाहीतर अक्कलशून्य. तिचा चीक बोटांना असा खातो, की कातडी पांढरी पडून सोलवटते. हे मांस मुळातच मऊ, म्हणून तिनं चमचाभरच गर घातला, कालवला, आणि सवयीनं जिन्यात जाऊन ओरडली, "पपई घातली!"

हा त्यांच्या घरचा रिवाज होता. फार पूर्वी एकदा आईनं पपई घातली आणि ते माहीत नसल्यामुळे फिझा मासीनंही घातली. संध्याकाळी सळईवर एक तुकडा टिकेना, सगळ्या मांसाचा लगदा. मासी तीन दिवस तोंड लपवून फिरत होती. तेव्हापासून ज्यानं पपई घातली त्यानं ओरडून सांगायचं, आणि घरात जे कुणी असेल त्यानं आपण असू तिथून ओरडायचं, "ऐकलं!" वडील न्हाणीघरातून ओरडायचे. मोइझ लहान असताना गल्लीतून ओरडायचा. आई तर अंथरुणात पडल्या पडल्या म्हणायची, ऐकू येईल न येईल अशा आवाजात.

आज कुणी म्हणालं नाही. फक्त खालच्या मजल्यावरच्या म्वानाइदीनं मान वर करून विचारलं, "काय गं, काय पडलं?"

"काही नाही, पपई."

"मग बोंबलतेस कशाला एवढी?"

अरवा दार लावून आत आली.

थोड्या वेळानं मोइझ गाडी घेऊन आला. पन्नाशीला आलेला, दाढी पांढरी झालेला धाकटा भाऊ, कानाला फोन. अरवानं पातेलं त्याच्या हातात दिलं, वर सळ्यांचं गाठोडं. सळ्या म्हणजे वडिलांच्या सायकल दुकानातले आरे, घासून टोकदार केलेले. बाजारच्या बांबूच्या काड्या या घरात कधी शिरल्या नाहीत.

"मोइझ, पपई घातलीय हं."

"हं हं."

"हं हं काय? ऐकलं म्हण."

"ऐकलं गं बाई, ऐकलं," तो हसत म्हणाला आणि जिना उतरला.

संध्याकाळी अरवा टुकटुक रिक्षा करून न्यालीला पोचली तेव्हा इन्सियानं सगळ्या सळ्या आधीच ओवून ठेवल्या होत्या. अरवा ताटाकडे वळली तर ती आडवीच आली. "बसा हो तुम्ही! आज कशाला हात लावायचा नाही." बसली अरवा. काय करणार? फिझा मासी शेजारच्या खुर्चीत पेंगत होती. समोर इन्सियाचे वडील, असगरभाई, नवी कोरी कवळी बसवून आलेले. ते हसले की खटकन आवाज व्हायचा, आणि ते सारखे हसत होते. मोइझ अंगणात पपईच्या झाडाखाली शेगडी फुंकत होता. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला.

"हाताला काय झालं रे?"

"कोळसा लागला," तो म्हणाला आणि तोंड फिरवलं.

पहिल्या सळ्या निखाऱ्यांवर गेल्या. वास उठला, आईच्या हातचाच वास, आणि क्षणभर अरवाचा राग विरघळला. मोइझनं सळई उलटायला उचलली. सळई हातात आली आणि मांस निखाऱ्यात राहिलं. दुसरी उचलली, तीच गत. तिसऱ्या सळईवरचे तुकडे तर ओल्या चिखलासारखे घसरले, आणि धूर असा उठला की असगरभाईंना ठसका लागला.

"हे काय?" इन्सिया धावत आली. तिनं ताटातला कच्चा तुकडा चिमटीत धरला. त्याचा लगदा झाला. मग ती अरवाकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अरवाबेन, राग होता तर माझ्या तोंडावर बोलायचं होतंत. आईच्या नावाचं जेवण नासवायचं?"

"काय म्हणालीस?"

"इतकी पपई कुणी घालतं? तुम्हाला कळत नाही असं थोडंच आहे? मुद्दामच केलंत तुम्ही. आमच्याकडे नीट होऊ नये म्हणून."

अरवाच्या अंगाची लाही लाही झाली. "मी? मी आईच्या मिश्काकीत... अगं, जीभ झडेल तुझी! चमचाभर घातली मी, चमचाभर! या हातांनी मोजून!"

"जाऊ दे गं इन्सिया," जागी झालेली मासी मध्येच म्हणाली. "वय झालं की हात चुकतो माणसाचा. माझाही चुकला होता."

हे तर आणखी वाईट. आरोपाशी भांडता येतं, कीव करणाऱ्याशी काय भांडणार? अरवानं भावाकडे पाहिलं. त्यानं तरी बोलावं. दुपारी त्याला तोंडानं सांगितलं होतं, त्याच्याकडून वदवून घेतलं होतं.

"मोइझ, मी तुला काय सांगितलं होतं?"

मोइझ शेगडीला वारा घालत होता. निखाऱ्यांवर भाजायला आता काही उरलं नव्हतं, तरी घालत होता. "झालं ते झालं, अरवाबेन," तो खाली बघून म्हणाला. "वाद कशाला?"

वाद कशाला! अरवाला वाटलं, हे पातेलं उचलावं आणि याच्या डोक्यावर पालथं घालावं. पण डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि या लोकांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून ती फाटकाकडे बघत बसली.

उरलेलं मांस इन्सियानं कढईत परतून खिम्यासारखं केलं. तळलेला मोगो, म्हणजे कसावाचे काप, चिंचेची चटणी, पाव, सगळं थाळात मांडलं. एकाच मोठ्या थाळाभोवती सगळे मांडी घालून बसले. अरवाचा पाय निघत नव्हता. पण मांडलेल्या थाळाला पाठ दाखवणं आईला कधी खपलं नसतं, म्हणून तीही बसली. बसली, पण आपण इथं शेवटचं जेवतोय, हे मनाशी पक्कं करूनच.

रीतीप्रमाणे आधी मिठाची वाटी फिरली. ज्यानं त्यानं बोट टेकवायचं, अल्लाचं नाव घेऊन चिमूट जिभेवर ठेवायची, मग पहिला घास. मासीनं घेतलं, असगरभाईंनी घेतलं, मग वाटी मोइझपुढे आली. जेवायचं म्हणून हाताचा रुमाल सोडावा लागला होता. त्यानं मिठाला बोट लावलं मात्र, आणि "स्स्स!" करून हात असा मागे ओढला, की वाटी थाळात कलंडली.

अरवाची नजर त्याच्या बोटांवर गेली. पांढरी पडलेली, सोलवटलेली. कोळशाचा चटका काळा असतो, लाल असतो. पांढरा कधी पाहिलाय कुणी?

"हात दाखव."

"काही नाही गं, कोळसा..."

"हात दाखव म्हणते ना!"

मासी त्याच्या शेजारीच होती. तिनं त्याचं मनगट धरून हात दिव्याखाली ओढला, डोळे बारीक करून बघितला, आणि पहिला प्रश्न विचारला, "मेल्या, तेल नाही लावलंस?"



"म्हणजे तुम्ही?" इन्सिया नवऱ्याकडे वळली. "तुम्ही घातलीत पपई?"

"बाबांची कवळी नवी," मोइझ पुटपुटला. "म्हटलं, मांस जरा कडक राहिलं तर त्यांची पंचाईत होईल. झाडाला लागलेलीच होती. अर्धीच घातली."

"माझे दात कशाला मध्ये आणता हो?" असगरभाई कडाडले. "मी हाडं फोडून खातो!"

"अर्धी पपई!" मासीनं कपाळावर हात मारला.

अरवाचा आवाज मात्र एकदम खाली आला. "पपई गेली खड्ड्यात, मोइझ. माणूस चुकतो, मासीही चुकली होती. पण मी तिथं उभी राहून चोरासारखं ऐकून घेत होते आणि तू शेगडीला वारा घालत होतास. बायको मला बोलली, तिला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. आणि तू मला सांगतोस, वाद कशाला?"

मोइझनं मान खाली घातली. "मला लाज वाटली गं."

"तुला लाज वाटली, म्हणून ती माझ्या गळ्यात बांधलीस? आता म्हण."

"काय म्हणू?"

"आईच्या घरात काय म्हणायचो आपण? म्हण."

त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे. "पपई मी घातली," तो कसंबसं म्हणाला.

"जिन्यापर्यंत तरी जाईल का हा आवाज?"

"पपई मी घातली!" मोइझ ओरडला. पांढऱ्या दाढीचा तो बाप्या, लहानपणी गल्लीतून ओरडायचा तसा, आणि शेवटी त्याचा आवाज फुटला.

"ऐकलं!" मासी सवयीनं ओरडून मोकळी झाली.

मग इन्सिया, डोळे पुशीत, अरवाकडे बघून हळूच म्हणाली, "ऐकलं."

अरवाचा राग गेला नव्हता, जाणारही नव्हता इतक्यात. तिनं कलंडलेली वाटी सरळ केली, सांडलेलं मीठ गोळा केलं, स्वतःचं बोट त्यात टेकवलं आणि लगद्याचा पहिला घास घेतला. चव आईच्या हातचीच होती, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

जेवण उरकल्यावर ती उठली, सगळे आरे धुतले, पुसले, गाठोड्यात बांधले आणि काखोटीला मारले. मोइझ गाडीची किल्ली घेऊन मागे आला.

"टुकटुकनं जाईन मी," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी दुपारीच या सगळे, माझ्या घरी. पपई तू चिरायचीस."

"तेल लावून ना?" मोइझनं विचारलं.

"ते मी तेव्हा बघेन," अरवा म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली.