नातवाचा विडा

सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा मृणालिनीनं पहिली बादली दारातच ओतून दिली आणि दुसरीवर वाकून वास घेतला. आज वास नव्हता. त्या पाण्याची खोडच ही. एक दिवस नाल्यासारखं घाणेरडं येई, मग दोन दिवस असं निर्मळ, की माणसाला वाटावं, छे, आपल्यालाच भास झाला असेल.

समोरच्या दारात मल्लाहांची, म्हणजे नावाड्यांच्या घरची, सून गंगा बादली भरत होती. तिला नववा लागला होता. एक हात कमरेवर, एक नळावर.

"उकळून घे ग पोरी," मृणालिनी म्हणाली.

"चाचीजी, सिलेंडर संपलाय. आणि आज साफ आहे की. बघा ना, तळ दिसतोय."

तळ दिसत होता खरा. वैदेहीनंही असंच तळ दिसणारं पाणी प्यायलं होतं.

वैदेही मृणालिनीची सून. सातवा महिना. आधी डोळे पिवळे झाले, मग नखं, मग तळहात. परवापासून ती माणसं ओळखेनाशी झाली होती. गंगा नदीच्या पलीकडच्या काठावर, बनारस शहरातल्या एका इस्पितळात ती निजून होती, आणि मुलगा निनाद आणि मृणालिनीचे यजमान दत्तात्रेय बाहेरच्या बाकावर आळीपाळीनं बसत होते. डॉक्टरीणबाई काल मृणालिनीला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या होत्या, "ही कावीळ पाण्यातून येते. इतरांना पाडते, गरोदर बाईला नेते. तुमच्या भागातल्या अजून दोघी वरच्या मजल्यावर आहेत. इथलं आम्ही बघतो. तुम्ही तिथलं पाणी बंद करा. सभासद आहात ना तुम्ही?"

होती ना सभासद. नदीच्या या काठच्या कसब्यातल्या नगर पंचायतीत आपल्या वॉर्डाची निवडून आलेली सभासद. जन्म पलीकडच्या ब्रह्मा घाटावरचा, मराठी वस्तीतला. दत्तात्रेयांनी रेल्वेतून निवृत्त होताना इथं दोन खोल्या बांधल्या म्हणून ती या काठाला आली. गल्लीतल्या मुलींना शिवण शिकवता शिकवता सगळ्यांची मास्टरनी झाली, आणि मास्टरनीची सभासद. तिच्या गल्लीची पाण्याची पाइप नाल्याच्या पोटातून जाते, कुठंतरी ती फुटली आहे, हे तिनंच शोधून काढलं होतं. नव्या पाइपाही तिनंच मंजूर करून आणवल्या होत्या. त्या नाल्याच्या कडेला पडून होत्या. पोरं त्यांत शिरून लपाछपी खेळत.

पदर खोचून ती पाण्याच्या पंपावर गेली. पंप चालवणारा बिरजू नुकताच अंघोळ करून हनुमानाला उदबत्ती लावत होता.

"बिरजू, संध्याकाळी आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडू नकोस."

"चाचीजी, माझ्या हातात असतं तर आत्ता बंद केला असता." त्यानं उदबत्ती ओवाळत ओवाळत सांगितलं. "अध्यक्षजींचा शब्द लागतो. आज दुपारी बैठक आहेच. तिथं मांडा. त्यांनी हो म्हटलं की मी चावी घरी घेऊन जातो."

तर एवढंच करायचं होतं. बैठकीत उठायचं आणि बोलायचं. तिला बोलता येत होतं. परतताना तिच्या ओठांवर नकळत ओवी आली. तिची आई जात्यावर ज्या चालीत गायची त्या चालीत, पण शब्द हिचे आपले:

*दारीच्या नळा बाई, नको येऊ गढूळ*
*माझ्या ग सुनेच्या, पोटी चिमणं फूल*

पुढची ओळ काही सुचेना. ती तशीच गुणगुणत बैठकीला निघाली.

नगर पंचायतीच्या बैठकीची एक रीत होती. हजेरीच्या सह्या झाल्या की अध्यक्ष लल्लनबाबूंकडून पानाचं तबक फिरे. बनारसचं पान ते. एकदा गालात गेलं की बोलायचं नसतं, घुळवायचं असतं, रस सांभाळायचा असतो. मग बडेबाबू, म्हणजे कचेरीतले मुख्य कारकून, एकेक प्रस्ताव वाचत आणि सभासद हनुवट्या छताकडे करून घशातून "उं" करत. उं म्हणजे पारित. असं कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण चालत होतं. ज्याला विरोध करायचा त्यानं उठायचं, गॅलरीत जायचं, थुंकायचं, चूळ भरायची आणि परत यायचं. तेवढ्यात बडेबाबू दोन प्रस्ताव पुढे गेलेले असत. म्हणून विरोध फारसा होत नसे. कसब्याचा कारभार त्यामुळे फार गोडीगुलाबीनं चालतो, असं लल्लनबाबू पाहुण्यांना सांगत.

मृणालिनीनं यावर एक साधी युक्ती काढली होती. ती पान घेई आणि रुमालात बांधी. "यजमानांना नेते," म्हणे. सगळे हसत, आणि तिचं तोंड मोकळं राही.

आज तबक घेऊन लल्लनबाबू स्वतः फिरत होते. कपाळाला गुलाल, डोळ्यांत पाणी.

"नातू झाला, मास्टरनीजी. आज पहाटे. तीन पोरींच्या पाठीवर." तिच्यासमोर येऊन ते थांबले. "आज रुमाल नाही काढायचा. आमच्या अम्मानं बजावून सांगितलंय, सभेत एक सुहागन आहे, तिच्या तोंडात पहिलं पान पडू दे, बाळाला आयुष्य लाभेल. तिनं स्वतः लावलंय. ऐंशीच्या घरातली बाई, हात थरथरतात, तरी लावलंय."

विड्याला चांदीचा वर्ख होता, वर लवंग टोचली होती. मृणालिनी त्याच्याकडे पाहत राहिली. ब्रह्मा घाटावर बाळाच्या जन्माचा विडा सवाष्ण कधी नाकारत नसे. तिच्या सासूबाई सांगत, जन्माचा विडा परतवला तर त्या घराचं काही बिघडत नाही, परतवणारीच्या घरातली कूस दुखावते. एरवी ती असल्या गोष्टींना हसली असती. आज तिला हसता येईना. आज तिच्या घरची कूस इस्पितळातल्या मशीनच्या तारांत गुंतली होती.

"औक्षवंत होऊ दे," ती म्हणाली आणि विडा तोंडात घातला.

तिचा हिशेब चुकला नव्हता तसा. तिचा विषय, वॉर्डातल्या पाइपांचा, सहावा. पाच प्रस्ताव वाचून होईतो पान चावून गिळता येईल. पण म्हातारीनं लावलेला विडा तो, सढळ हातानं गुलकंद, बडीशेप, सुपारीचे मोठाले तुकडे. दोन्ही गाल भरले. सवय नसलेलं तोंड रसानं डबडबलं.

आणि बडेबाबू उभे राहून म्हणाले, "आज आनंदाचा दिवस आहे. मिठाई वाट बघतेय. अध्यक्षजींची आज्ञा असेल तर प्रस्ताव एकदमच वाचून टाकतो."

"उं," लल्लनबाबूंनी हनुवटी वर केली.

बडेबाबू सुटले. भटजी घाईचं श्राद्ध उरकतात तसे. बाजारातले दिवे, कांजीहाउसचं, म्हणजे कोंडवाड्याचं, छप्पर, दसऱ्याच्या मैदानाची सफाई, असे पाच उरकून त्याच सुरात, त्याच श्वासात सहावा: नाल्याकाठी पडून असलेल्या पाइपा आधी बारातघराच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या, रस्त्याला वापराव्यात, लग्नसराई तोंडावर आहे, वॉर्डातलं काम पुढच्या वर्षी घ्यावं.

मृणालिनीचा हात वर गेला. ती उभी राहिली. "थांबा" म्हणायला तिनं जीभ हलवली आणि रस ओठांशी आला. ओठ गच्च मिटून, मान मागे करून तिनं घशातून जोर केला.

"उं! उं!"

"घ्या," कोपऱ्यातून कुणीतरी बोबड्या तोंडानं म्हणालं, "मास्टरनीजी तर दोनदा पारित करतायत."

सगळी सभा मिटल्या तोंडानं हसली. खांदे हलले. बडेबाबूही हसले आणि त्यांनी कागद उलटला.

थुंकायला हवं होतं. एवढंच तर करायचं होतं. हात तोंडाशी गेला आणि तिथंच थिजला. दुसऱ्याच्या लेकराच्या आयुष्याचा विडा, आज, या दिवशी, तोंडातून टाकायचा? तिला वैदेहीचं पोट दिसलं, पांढऱ्या चादरीखाली उंच. मग गंगा दिसली, नळाखाली बादली धरून, तळ दाखवत.

तिनं पदर तोंडाशी नेला आणि सगळा विडा त्यात काढला.

"तो सहावा लिहू नका," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "नाल्याचं पाणी आमच्या नळात येतंय. माझी सून शुद्धीवर नाही. आणखी दोघी इस्पितळात आहेत. समोरची पोर आज-उद्या बाळंत होईल, ती तेच पाणी पितेय. पाइपा न्या तुम्ही बारातघराला. सगळ्या न्या. फक्त आज संध्याकाळी आमचा व्हॉल्व्ह उघडू नका. टँकर पाठवा. एवढंच."

कुणाचं तिच्या तोंडाकडे लक्ष नव्हतं. सगळे तिच्या पदराकडे पाहत होते. पांढऱ्या सुती पदरावर लाल ओल पसरत चालली होती आणि त्यात वर्खाचा तुकडा चमकत होता.

लल्लनबाबू उठले, गॅलरीत गेले, चूळ भरून परत आले. त्या सभेत असं ते प्रथमच करत होते.

"अम्माला काय सांगू मी?" ते हळूच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "माझ्या नातवाचं पान थुंकलंत तुम्ही, मास्टरनीजी."

"बाबूजी, पाणी—"

"पाण्याचं बघू. पाणी कुठं पळून जातंय का? पण आजच्या दिवशी?"

"तुमच्या घरीही बाळंतीण आहे. तिला ते पाणी पाजाल का?"

हे बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा आक्रसला, जणू तिनं बाळाच्या पाळण्याला हात लावला होता. ते बाहेर पडले. मागोमाग सगळे निघाले. बडेबाबू कागद गोळा करता करता तिच्याजवळ आले आणि मऊ आवाजात म्हणाले, "झालेलं त्याच बैठकीत फिरवता येत नाही हो. पुढच्या बैठकीत मांडा. आणि भाभीजी, पदर धुवून घ्या. डाग राहतो."

ती धुवायला थांबली नाही. उन्हं कलली होती. संध्याकाळच्या पाण्याची वेळ होत आली होती. गल्लीच्या तोंडाशी जमिनीत लोखंडी झाकण होतं, त्याखाली व्हॉल्व्ह. बिरजू लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून समोरून येतच होता. मृणालिनी धापा टाकत पोहोचली आणि त्या झाकणावर मांडी घालून बसली.

"काय झालं? हो म्हणाले?" बिरजूनं विचारलं.

"नाही म्हणाले नाहीत."

"मग उठा चाचीजी. माझी नोकरी जाईल."

"सांग त्यांना, म्हातारी बसली होती. ओढून काढायची माझी हिंमत झाली नाही, म्हणावं."

नळाला पाणी येईना तशा बाया एकेक करून बाहेर आल्या. हातांत बादल्या, डबे, पातेली. आधी विचारपूस झाली, मग आवाज चढले.

"घरात पाच माणसं आहेत, मास्टरनीजी. भात कशात शिजवू?"

"स्वतःच्या सुनेला इस्पितळात ठेवलंय आणि आम्हाला तहानेनं मारतायत."

"मत यासाठी दिलं होतं का? नळ तर आधीच्या सभासदाच्या वेळीही येत होता, नुसता वास मारत होता."

यावर एकदोघी हसल्या. मृणालिनी हसली नाही, उठलीही नाही. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, नाला, पाइप, कावीळ; सांगता सांगता शब्द झिजत चालले होते. गर्दीच्या मागे गंगा उभी होती, रिकामी बादली पोटाला टेकवून.

फोन वाजला. निनाद.

"आई." इस्पितळातली कसलीतरी घंटा ऐकू येत होती. "आई, बाळ गेलं."

"वैदेही?"

"श्वास चालू आहे. श्वासाच्या मशीनवर घेतलंय. बाबा म्हणतायत, तू ये."

"येते."

बाळ केव्हा गेलं, विडा थुंकण्याआधी की नंतर, हे तिनं विचारलं नाही. ते तिला कळायला नको होतं. आज नको आणि पुढेही कधी नको. तिनं फोन मांडीवर ठेवला आणि पदराचं टोक मुठीत धरून बसून राहिली. सकाळची ओवी घशात आली, फुलापाशी अडली आणि तिथंच राहिली.

बायांना फोनवरचा शब्द ऐकू आला नव्हता, पण ऐकू यायची गरज नव्हती. गंगा वाट काढत पुढे आली. तिची नजर पदरावर गेली आणि ती दचकली.

"चाचीजी, रक्त?"

"पान आहे ग." मृणालिनी म्हणाली. "लल्लनबाबूंना नातू झालाय."

गंगानं बादली झाकणाशेजारी पालथी घातली, कमरेवर हात टेकून सावकाश तिच्यावर बसली. बिरजूनं चावी भिंतीला लावून ठेवली आणि विडी पेटवली. मागच्या दोघीतिघी पुटपुटत, भांडी आपटत निघून गेल्या. बाकीच्या गेल्या नाहीत. पलीकडच्या काठावर संकठा घाटाकडचे दिवे लागले. त्याच काठावर, दिव्यांच्या मागे कुठंतरी, वैदेही होती.

"उद्या सकाळी पण पाणी यायची वेळ होईल," गंगा म्हणाली. "तेव्हाही बसणार?"

"मला वैदेहीकडं जायला हवं."

"मग जा ना." तिनं चावीकडे पाहिलं, बिरजूकडे पाहिलं. "उठताना हात धरा माझा, आणि मला त्या झाकणावर नीट बसवून द्या. मला एकटीला जमिनीवर बसता येत नाही आता."

मृणालिनी उठली. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि गंगा हळूहळू, श्वास टाकत, त्या गरम लोखंडावर बसली.