देवीची तीट

हडपसरच्या त्या वस्तीत उजाडायच्या आतच महाराजांच्या दारात रांग लागायची. संध्याकाळी गच्चीवर कोरं धोतर पसरायचं, गच्चीला कुलूप, किल्ली भक्तांकडे. सकाळी धोतरावर काळी भुकटी. देवीआईनं डोळ्यातलं काजळ झाडलं, असं महाराज सांगत. पोरांना त्याची तीट लावा, उरलेलं मधातून चाटवा आणि औषधं बंद करा, नाहीतर आई रुसते. डॉक्टर दिसला की रुसणारी देवी महाराजांना फारच सोयीची होती. त्यांना स्वतःला खोकल्याची उबळ यायची, तेव्हा आपण भक्तांचं दुखणं अंगावर घेतो, हे उत्तर तयार असायचं.

कौशल्या नवऱ्याच्या नोकरीमागे यवतमाळहून आलेली. तिची पाच वर्षांची अपेक्षा दम्यानं घुरघुरायची. तीट तर सगळ्याच आया लावतात. खुद्द देवीची मिळतेय तर सोडायची कशी? तिनं पोरीचा श्वासाच्या औषधाचा पंप कपाटात टाकला. दमा कधी चढतो, कधी उतरतो. तो जरा उतरला आणि कौशल्याची श्रद्धा पक्की झाली.

शेजारच्या निशाबाई शाळेत विज्ञान शिकवत. सांगून थकल्यावर त्यांनी उशांचे पांढरे अभ्रे घेतले. एक सार्वजनिक शौचालयाच्या पत्र्यावर अंथरला, दुसरा भंगाराच्या अड्ड्याच्या भिंतीवर. सकाळी दोन्ही रांगेसमोर धरले. शौचालयावरचा धोतराइतकाच काळा होता, अड्ड्यावरचा त्याहून काळाकुट्ट.

"आई सर्वत्र आहे," महाराज म्हणाले.

"असेल. मग लोकांनी तुमच्याकडे कशाला यावं? शौचालय जवळ पडतं."

निशाबाईंनी अभ्रा बायकांना हुंगायला दिला. जळक्या वायरीचा वास आला. अड्ड्यावर तांब्यासाठी रोज वायरी जाळत आणि वारा धूर इकडे आणत असे. "ही डोळ्यांना दिसणारी जाड काजळी," त्या म्हणाल्या. "न दिसणारे कण याहून बारीक. जळक्या प्लास्टिकचं विष अंगाला चिकटवून ते थेट फुप्फुसात उतरतात. पोरं हे श्वासातून घेतातच, वर तुम्ही चाटवताय."

रांगेतली कौशल्या घरी धावली, पंप शोधून काढला. अपेक्षाचे ओठ निळे पडले होते. रिक्षा दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

महाराज त्याच दिवशी पसार झाले. अड्डा मात्र धुमसतच राहिला. निशाबाई महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात तक्रार द्यायला चला म्हणत होत्या, पण कुणाला वेळ नव्हता. कौशल्याचीच श्रद्धा कमी पडली, अशी कुजबुज मात्र घरोघरी चालली होती. ती कानावर आली, तेव्हा कौशल्या उठली आणि दारोदार गेली.

"माही श्रद्धा कमी नोती पडली, बाई," ती प्रत्येकीला सांगत होती. "म्हणूनच पोरगी गेली. तुमची लेकरं अजून श्वास घेऊन राहिलीत. धूर कुठून येते थे विचारा, अन् चला माह्यासंगं."

निम्म्या आया निघाल्या. राहिलेल्या कशाची वाट पाहत होत्या, ते त्यांनी स्वतःला विचारावं. आणि याच हवेत राहणाऱ्या आपणही.