बावीस पावले

१९८१ साली आमच्या बार्बेडोसच्या क्लबचा यष्टिरक्षक लिव्हिंग्स्टन गिटन्स वेगवान गोलंदाजांसाठी यष्ट्यांमागे बावीस पावलांवर उभा राहत असे. आजचा यष्टिरक्षक सव्वीस पावलांवर उभा राहतो. दोन्ही मोजमापे लिव्हिंग्स्टनचीच, पहिले तेव्हा पावलांनी मोजलेले, दुसरे आता.

चेंडू जितका वेगवान, तितका यष्टिरक्षक मागे. त्यामुळे रमच्या दुकानात क्लबचा आजचा तरुण कर्णधार डॅरेन लिव्हिंग्स्टनला सोडत नसे.

"काय काका, तुमच्या चौघा गोलंदाजांपेक्षा आमचे चौघे जोरात. आता कबूल करा!"

"गप रे! तुमचे चेंडू झेलायला मी खुर्ची टाकून बसलो असतो."

पण लिव्हिंग्स्टनच्या वेळचे ते चौघेही आता चर्चमागच्या दफनभूमीत होते, आणि त्यांच्या बाजूने बोलणारा हा एकटाच. तो हा वाद घेऊन माझ्याकडे, निवृत्त विज्ञानशिक्षकाकडे आला.

तो १९८१ मध्ये जिथे उभा राहत असे, तिथे खुणेचा दगड अजून आहे. मी त्याला यष्ट्यांपासून तिथवर चालायला लावले. अठ्ठावीस पावले भरली, आजच्या यष्टिरक्षकाच्या सव्वीसपेक्षा दोन जास्त.

दगड हललेला नव्हता. लिव्हिंग्स्टनचे पाऊल आखूड झाले होते, आणि ते त्याला सांगेल असे त्याच्यासोबत चालणारे कोणी उरले नव्हते.