नवरदेवाला मागं पाठवण्याची रीत

हरिओमच्या मते कॉम्प्युटरच्या पदवीत दोनच प्रकारचे विषय असतात. एक, नोकरी लावणारे. आणि दुसरे, ज्योत्स्ना मॅडम शिकवतात ते. एकदा मॅडमनी पाच तत्त्वज्ञांचं कोडं सांगितलं. गोल टेबल, पाच माणसं, पाच काटे, आणि जेवायला प्रत्येकाला लागतात दोन. प्रत्येकानं एकेक काटा उचलला आणि शेजारच्याचा सुटायची वाट बघत सगळे उपाशी बसले. ह्याला डेडलॉक म्हणतात.

"मॅडम, आपल्याकडचे असते तर हातानं जेवून, पान खाऊन मोकळे झाले असते," हरिओम मागच्या बाकावरून म्हणाला. वर्ग हसला, मॅडमही हसल्या. त्यानंतर हरिओम त्या तासाला गेलाच नाही. त्या वेळात तो मोबाइलवर व्हिडिओ बघून ॲप बनवायला शिकला.

आणि झकास शिकला, हे मान्य करायला हवं. टेंभुर्णीत अण्णासाहेबांचं मंगल कार्यालय आहे. त्यांच्यासाठी त्यानं जे ॲप बनवलं, ते अख्खं लग्न चालवायचं. प्रत्येक मानकऱ्याच्या मोबाइलवर निरोप यायचा: आता उठा, आता थांबा. आधीचं काम झाल्याशिवाय पुढचं सुरूच व्हायचं नाही.

"पहिलं लग्न मुहूर्तावर लागलं तर तू आपला माणूस, पगारी," अण्णासाहेबांनी सांगितलं होतं. "न्हाई लागलं तर मोबाइल खिशात घाल अन् घर गाठ."

मुहूर्त होता बारा पस्तीसचा. बारा वाजता सगळं थांबलं.

नवरदेव सूरज दारात घोड्यावर होता. नवरीचा मामा नारळ घेऊन सामोरा आल्याशिवाय तो उतरणार नव्हता. मामा, म्हणजे धुळाजी, आत खुर्चीत होते. डोक्याला फेटा बांधल्याशिवाय ते उठणार नव्हते. आणि फेटेवाल्याला ॲपनं बजावलं होतं, की नवरदेव मांडवात आल्याशिवाय फेट्याला हात लावायचा नाही. कारण मागं एका लग्नात अठरा पाहुणे आधीच फेटे बांधून घेऊन दुसऱ्या लग्नाला निघून गेले होते.

तिघांच्याही मोबाइलवर एकच निरोप होता: 'कृपया थांबा.' एरवी एखाद्या म्हाताऱ्यानं दोन शिव्या हासडून हे सोडवलं असतं. पण आता प्रत्येकाच्या मानाला लेखी पुरावा होता.

"मी काय अडून बसलो का?" धुळाजी चारही दिशांना मोबाइल दाखवत म्हणाले. "हाच सांगून राह्यला थांबा म्हणून!"

हरिओमनं ॲप बंद करून परत चालू केलं. ॲपनं तिघांना नव्यानं थांबवलं. बँडवाल्यांची गाणी संपली, म्हणून त्यांनी पहिल्यापासून धरली. घोड्याला उभ्या उभ्या झोप लागली.

नवरी मोनाली ही ज्योत्स्ना मॅडमची जुनी विद्यार्थिनी, म्हणून मॅडम बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. हरिओम घाम पुसत त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"चूक कुठं दाखवतंय?" मॅडमनी विचारलं.

"कुठंच न्हाई, मॅडम. कोड बराबर हाय. नुसते सगळे थांबून राह्यलेत."

"मंग पेन दे."

मॅडमनी एक कागदी पत्रावळ उलटी केली, तिच्यावर तीन नावं लिहिली आणि कोण कुणासाठी थांबलाय त्याचे बाण काढले. तिसरा बाण पहिल्या नावावर येऊन टेकला. हरिओम त्या गोलाकडं बघतच राहिला. नवरदेवाचं बरोबर होतं, मामाचं बरोबर होतं, फेटेवाल्याचं बरोबर होतं, ॲपचंही बरोबर होतं. फक्त लग्न होणार नव्हतं.

"आता वो, मॅडम?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"एकाला मागं पाठवावं लागंल. आतापर्यंत सगळ्यात कमी काम ज्याचं झालंय, त्याला. म्हंजे परत करायला बी थोडंच लागंल."

मांडवातली एकेक मान घोड्याकडं वळली.

"सकाळधरनं ह्यानं निस्ती आंघोळ केली," नवरदेवाची आत्या गोपिकाबाई म्हणाली. "ती बी आम्हीच घातली."

सूरजला उतरवलं. मान पुरा परत मिळेल, असं मॅडमनी त्याला पत्रावळीच्या कडेला लिहून दिलं. स्वयंपाकघराच्या दारानं, वांग्याच्या भाजीला वळसा घालून त्याला मांडवात आणलं. 'नवरदेव आला,' ॲप म्हणालं. फेटेवाला सुटला. धुळाजींना फेटा चढला, ते नारळ घेऊन दाराकडं निघाले. तोवर सूरज आल्या वाटेनं पळत गेला, घोड्यावर चढला आणि आत्ताच पोहोचल्यासारखा दिमाखात उतरला. घोडा अजून झोपेत होता. बारा पस्तीसला अक्षता पडल्या.

"मॅडम, तुम्हीच या आमच्याकडं," अण्णासाहेब म्हणाले.

"मला त्यातलं एक बटण दाबता येत न्हाई, अण्णासाहेब. ते ह्याचं काम."

अण्णासाहेब हरिओमकडं वळले. "गुरुवारच्या लग्नात परत अडकंल का?"

'बिलकुल न्हाई' हे शब्द हरिओमच्या जिभेवर तयार होते, आणि नोकरीही तिथंच टांगलेली होती. त्यानं एक कोरी पत्रावळ ओढली. गुरुवारची कामं एकेक लिहून बाण काढत गेला. मग थांबला.

"अडकंल, अण्णा. शेवटची पंगत उठल्याशिवाय वाढप्यांनी जेवायचं न्हाई, असा तुमचा नियम. अन् शेवटच्या पंगतीत नावं वाढप्यांचीच हायेत."

अण्णासाहेबांनी पत्रावळ बराच वेळ निरखली. "चार वर्षं झाली हे चालून राह्यलं," ते म्हणाले. "मला वाटायचं, आपले वाढपीच चिडके हायेत." मग पत्रावळ परत देत म्हणाले, "उद्या नऊला ये कामावर. पण हे आत्ताच दुरुस्त कर, जल्दी. आजची बी पंगत बसून राह्यली."

हरिओम तिथंच जमिनीवर बसला आणि मोबाइलवर त्याची बोटं धावायला लागली. मॅडम खुर्ची ओढून त्याच्या खांद्यावरून बघत होत्या, अगदी पहिल्या बाकावर बसल्यासारख्या.

"हळू रे," त्या म्हणाल्या. "हे कसं केलंस, परत दाखव."